ताल्बोंगच्या वरची वाट

बनावे, उत्तर लुझोन, फिलिपिन्स
९ जानेवारी २०२६

प्रिय यशू,

अनेक आशीर्वाद. आज सकाळी बनावेला पोहोचले. मनिलाच्या बसमध्ये एसी एवढा होता की अंगावर स्वेटर, त्यावर शाल, तरी दात वाजत होते.

आधी एक ठरवून टाकू. मी फोन करणार नाही, तूही करू नकोस. रेंज इथे येते-जाते हे एक कारण. दुसरं तुला माहीत आहे. फोनवर तू गप्प होतेस आणि मी शाळेतली बाई होते, मग सासू-सुना दोघी चिडून फोन ठेवतो. त्यापेक्षा लिहू. मोबाइलवर मराठी टाइप करायला मला वेळ लागतो, तेवढ्यात राग उतरतो. मेल पोहोचेल तेव्हा पोहोचेल.

इथली भातखाचरं पाहिली. लावणीच्या आधी त्यांत नुसतं पाणी भरून ठेवलेलं असतं. दरीच्या तळापासून थेट ढगात शिरेपर्यंत पाणी, बांध, पाणी, बांध. निशांतने इथूनच लिहिलं होतं, "आई, डोंगराला कुणीतरी पायऱ्या नाही, आरसे बसवलेत." आज आभाळ भरलेलं होतं. एकाही आरशात काही दिसत नव्हतं.

दीड वर्ष झालं. ऑफिसात रजा टाकून पोरगा एकटा इथे आला, ताल्बोंग नावाच्या गावात राहिला, तिथून वरच्या इन्गायच्या वाटेला लागला आणि पावसात डोंगर खाली आला, एवढंच आपल्याला कळवलं गेलं. मग शोध थांबवला. "सापडले नाहीत." या दोन शब्दांवर आपण दोघी कुवेंपुनगरच्या घरात जेवतोय, झोपतोय, भांडतोय. तुझे अप्पा म्हणतात, विधी करून घ्या. मी म्हणते, कायदासुद्धा सात वर्षं थांबतो, मी तर आई आहे.

मी ती वाट चालणार आहे. पावसाळा संपल्यापासून रोज चामुंडी बेट्टाच्या पायऱ्या चढले त्या याचसाठी.

इथल्या कचेरीत नाव नोंदवावं लागतं. तिथल्या मुलीने पासपोर्टवरचं आडनाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग म्हणाली, गाइड घ्यायलाच हवा. मी म्हटलं, माझा मुलगा एकटा गेला होता. ती म्हणाली, "येस मॅम." एवढंच. तिच्या त्या दोन शब्दांत काहीतरी होतं, मला नीट सांगता येणार नाही. ताल्बोंगपर्यंत गाइड घेतलाय. पुढचं पुढे.

दिवा लावत जा. रात्रीचं जेवण टाळू नकोस, मी नाही म्हणून.

तुझी,
आई


मैसूर
११ जानेवारी

आई, नमस्कार.

तुमची मेल बसमध्ये वाचली. गोकुलमला उतरायचं विसरून गेली, पुढच्या स्टॉपवरून मागे चालत आली. लिहायला बसली तर सगळं कन्नडातच येतंय. आमच्या घरची मराठी तुम्हाला माहीत आहे, अर्धी अप्पांची, अर्धी गल्लीची. चुका असतील तर ॲडजस्ट करा, लाल पेन काढू नका.

योगा स्कूलमध्ये नवीन बॅच आली. काल एक इटलीची मुलगी आली, एकटीच, पाठीवर तिच्याएवढी बॅग. मी घरच्या कुणाचा नंबर विचारला तर हसली. "कुणाचा नको," म्हणाली. मी त्या मुलीवर ओरडली, आई. सगळ्यांसमोर. ती घाबरली. नंतर सॉरी म्हणून चहा दिला.

अप्पा संक्रांतीचं एळ्ळु-बेल्ल, तुमचा तिळगूळ, घेऊन आले होते. आपल्याला सण नाही म्हणून त्यांना माहीत आहे, तरी डबा टेबलावर ठेवला, जरा बसले आणि गेले. ते विधीचं परत बोलले नाहीत. मी पण बोलणार नाही.

आई, बनावे बघितलं ना? पुरे. तिथूनच नमस्कार करा आणि परत या. ताल्बोंगला जाऊ नका. थंडी आहे, वाट निसरडी आहे, तुमचा गुडघा कसा आहे मला माहीत आहे. आणि त्या गावच्या लोकांना आणखी त्रास नको.

मी जेवते. खोटं नाही, स्वल्प तरी जेवते.

यशू


ताल्बोंग
१५ जानेवारी

प्रिय यशू,

आशीर्वाद. "आणखी त्रास" म्हणजे काय? आधी कसला त्रास दिला आपण त्यांना? माझा मुलगा त्यांच्या डोंगरात राहिलाय, त्रास कुणी कुणाला दिला?

तू नको म्हणालीस तरी आले. गाडीचा रस्ता एका खिंडीत संपतो, तिथून उतरण. मग खाचरांच्या बांधांवरून चालायचं. बांध म्हणजे हातभर रुंद दगडी भिंत. एका अंगाला गुडघाभर चिखलपाणी, दुसऱ्या अंगाला खालचं खाचर, विहिरीत डोकावल्यासारखं खोल. गाइड म्हणाला, घसरलात तर पाण्याच्या बाजूला पडा. मी तशीच पडले. कमरेपर्यंत चिखल. त्याने हात दिला, हसला नाही. इथे कुणीच हसत नाही माझ्यासमोर.

लोर्ना नावाच्या बाईकडे उतरले आहे. निशांत इथेच राहिला होता. माझ्याच वयाची असेल. चुलीपाशी तीन-चार पुरुष गप्पा मारत बसले होते. मी निशांतचा फोटो काढला आणि ते बोलायचे थांबले. एकेक करून उठून गेले. लोर्ना म्हणाली, "चांगला मुलगा होता. भात दोनदा मागून घेतला." आणि लगेच, "तुम्हाला पांघरूण एक पुरेल की दोन?"

दुसऱ्या दिवशी खालच्या वाडीत गेले. एक तरुण बाई वाफ्यातली रोपं उपटून जुड्या बांधत होती. तिच्या खाचराचा बांध मधोमध फुटलेला, दगडांचा ढीग खाली पडलेला, त्या खाचरात पाणीच नव्हतं. आजूबाजूला सगळीकडे पाणी आणि ते एकच कोरडं, तण माजलेलं. मी तिच्यापुढे फोटो धरला. तिने फोटोकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. हातातली जुडी पाण्यात टाकली आणि घरात निघून गेली.

यशू, हे लोक काहीतरी लपवतायत. मी चाळीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे, अख्खा वर्ग एकदम गप्प झाला की काय समजायचं ते मला कळतं. त्यांनी त्याला मुसळधार पावसात एकटं जाऊ दिलं. किंवा त्याहून वाईट काही. मी विचारल्याशिवाय इथून हलणार नाही.

आणि आता मनात आलंच आहे तर लिहून टाकते. मी निघायच्या आदल्या आठवड्यात निशांतचा तो मित्र शरत घरी आला होता. मी देवळातून आले, तेव्हा तुम्ही दोघं हॉलमध्ये बसला होतात आणि तुझे डोळे लाल होते. मी काही विचारलं नाही. तू तिशीची आहेस. तुला मोकळं व्हायचं असेल, तो नाही असे कागद हवे असतील, तर सरळ सांग. "परत या, परत या" करून मला फिरवू नकोस.

आई


मैसूर
१७ जानेवारी

आई,

शरत निशांतचा तंबू परत द्यायला आला होता. कुद्रेमुखला दोघं गेले होते तेव्हापासून त्याच्याकडे राहिला होता. "घरात ठेवता येत नाही अक्का, बघवत नाही," म्हणून रडला. मी पण रडली. एवढंच. तंबू माळ्यावर आहे, तुम्ही आल्यावर बघा.

मोकळं व्हायचं असतं तर मी माझ्या घरी गेली असती. अप्पा पहिल्या महिन्यातच न्यायला आले होते. तुम्हाला आठवत नसेल, तुम्ही तेव्हा कुणाला ओळखत नव्हता. मी गेली नाही. का गेली नाही ते मला पण माहीत नाही, पण कागदासाठी नाही राहिली.

तुम्ही रागावून लिहिलं, परवागिल्ल, चालतं.

एकच ऐका. तिथे कुणाला काही विचारू नका. ओरडू नका. गावात कुठे तरी दिवा लावा आणि परत या. मी हात जोडते, आई.

यशू


ताल्बोंग
२४ जानेवारी

यशू,

तुझी मेल वेळेवर मिळाली होती. चर्चच्या वरच्या टेकाडावर रेंज येते, तिथे उभी राहून वाचली. शरतबद्दल लिहिलं ते चुकलं. त्यावर आणखी काय लिहू.

तू सांगितलं होतंस ओरडू नका. मी ओरडले. लोर्ना अंगणात सुपात भात पाखडत होती. मी तिच्यासमोर उभी राहून म्हटलं, "तुम्ही माझ्या मुलाला पावसात एकटं का सोडलं? तुमच्या पोटचा असता तर सोडला असता?"

तिने सूप खाली ठेवलं.

"मॅम, आम्ही त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं, आज नको. गाइड घे, नाहीतर थांब. तो म्हणाला, आमच्याकडे याहून मोठे घाट आहेत, मला एकट्याने चालायची सवय आहे. हसला. मी त्याला भाताची पुरचुंडी बांधून दिली."

"मग?"

"संध्याकाळी इन्गायहून निरोप आला, पाहुणा पोहोचलाच नाही. माझ्या बहिणीचा मुलगा, रोमेल, दोर घेऊन निघाला. आम्ही त्यालाही म्हटलं, थांब, उजाडू दे. तो म्हणाला, आपल्या घरचा पाहुणा आहे."

मी मूर्खासारखं विचारलं, "आणि रोमेल?"

"डोंगर दुसऱ्यांदा आला, मॅम. रोमेलला आम्ही काढलं. तुमच्या मुलाला नाही काढता आलं. आम्ही पाऊस थांबेपर्यंत खणत होतो."

खालच्या वाडीतली ती तरुण बाई मारिसेल, रोमेलची बायको. दगडी बांध रचण्यात रोमेलचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. त्याच पावसात त्यांचा स्वतःचा बांध फुटला, तो तसाच पडून आहे. दुसऱ्यांनी रचून द्यायची तयारी दाखवली, ती नको म्हणते.

मी तिच्या दारात जाऊन तिला फोटो दाखवला होता, यशू. ज्याला शोधायला तिचा नवरा गेला त्याचा फोटो. आणि तुला लिहिलं होतं की हे लोक काहीतरी लपवतायत. ते मला वाचवत होते.

काही दिवस मी खोलीतून बाहेर पडले नाही. लोर्ना भात आणून ठेवायची. काल उठले आणि लोर्नाला घेऊन मारिसेलकडे गेले. हात जोडून उभी राहिले. माफी कशी मागतात इथे? मला येत नव्हतं. मारिसेल दारातच बसली होती. मग तिने लोर्नाला काहीतरी विचारलं. लोर्ना ते मला सांगेना. मी आग्रह केला.

"ती विचारते, तुमच्या मुलाला माणसं नव्हती का?"

इथे डोंगरात कुणी एकटं जात नाही. ज्याला कुणी नाही तोच एकटा निघतो. ती टोचून बोलत नव्हती, यशू. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतके दिवस तिने मनाची तीच समजूत घातली असावी की त्या पोराला बिचाऱ्याला कुणी नव्हतं, म्हणून रोमेलला जावं लागलं. आणि आता मी समोर उभी.

मी म्हटलं, "होती."

तिने मान हलवली आणि आत गेली. हे गेल्यावर मी निशांतला एकटीने वाढवला, कुणाची मदत मागायची नाही हे मीच शिकवलं, अभिमानाने शिकवलं. ते सगळं त्या बाईला कुठल्या भाषेत सांगू?

एक विचारते. "आणखी त्रास नको" असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. तुला माहीत होतं?

आई


मैसूर
२५ जानेवारी

आई,

हो. माहीत होतं.

लोर्नांनी फोन केला होता, तेव्हाच. बनावेच्या कचेरीत निशांतने लिहून ठेवलेला माझा नंबर कुणीतरी त्यांना दिला. त्यांच्या इंग्लिशमध्ये, माझ्या इंग्लिशमध्ये, दोघी रडत रडत बोललो. रोमेलचं नाव मी तेव्हाच ऐकलं. मारिसेलचं पण.

तुम्ही तेव्हा पाणी पण पीत नव्हता. दिवसभर एकच वाक्य बोलायच्या. "निदान दुसऱ्या कुणाचं पोर बरोबर नव्हतं." आठवतं? सकाळी उठल्यावर तेच, झोपताना तेच. त्या वाक्याला धरून तुम्ही उठायला लागल्या, आंघोळ करायला लागल्या, मग दोन घास खायला लागल्या. ते वाक्य मी काढून घेऊ? कसं काढून घेऊ? तुम्हीच सांगा.

नंतर मग सांगायचं राहिलं असं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. परत तसं झालं तर परत नाही सांगणार. तुम्ही माझ्यावर रागवा.

एकदा स्कूलची ट्रिप आहे म्हणून तुम्हाला खोटं सांगून मी बैलकुप्पेला गेली होती. तिथल्या मठात तुपाचे दिवे लावतात ना, दोन लावले. एक आपल्याचा, एक त्यांच्या रोमेलचा. आपल्या देवळात लावले असते तर कुणी ओळखीचं भेटलं असतं. तिथे सगळे लामा, कुणी काही विचारलं नाही. बाहेर येऊन मी त्या मोठ्या झाडाखाली बसली आणि निशांतला शिव्या दिल्या. कन्नडात. मराठीत मला येत नाहीत.

"माणसं नव्हती का" हे वाचून मी आज कामावर गेली नाही.

आता या, आई. की मी येऊ?

यशू


ताल्बोंग
८ फेब्रुवारी

प्रिय यशू,

अनेक आशीर्वाद. तू येऊ नकोस, मीच येते आहे. एवढे दिवस उत्तर दिलं नाही. रागावले नव्हते. तुझं पत्र टेकाडावर उभी राहून पुन्हा पुन्हा वाचलं. मी तुझ्या जागी असते तर सांगून टाकलं असतं आणि स्वतःला खरी म्हणवून घेतलं असतं. तू दीड वर्ष ते एकटीने पोटात ठेवलंस आणि माझ्यासमोर बसून जेवलीस.

इथे लावणी आता जोरात सुरू आहे. बायका ओळीने पाण्यात उभ्या राहतात, वाकतात, मागे सरकतात. मला वाटलं, काहीतरी करावं. मारिसेलच्या फुटक्या बांधाशी गेले आणि ढिगातला एक दगड उचलला. ती आली आणि तो माझ्या हातातून काढून घेतला. चिडून नाही. घरातली वस्तू परक्याच्या हातातून घेतात तसा. खाली ठेवला, जिथे होता तिथेच. तेव्हापासून मी तिथे काही करायला गेले नाही.

रोमेलची आई मात्र मला तिच्या ओट्यावर बसू द्यायची. दात नाहीत, पान खाते. आपल्यासारखंच, पान, सुपारी, चुना. एक दिवस तिने माझ्यासाठीही पान लावलं. आम्हाला एकमेकींचा एक शब्द कळत नाही. दोन म्हाताऱ्या बसून थुंकत होतो, बस.

गेल्या आठवड्यात लोर्ना म्हणाली, आता तुम्ही बनावेला जाऊन राहा, इथे घरचं काम आहे. मी विचारलं, कसलं? इथे माणूस गेल्यावर एक-दोन वर्षांनी त्याची हाडं बाहेर काढतात, स्वच्छ करतात, नव्या कापडात बांधून पुन्हा ठेवतात. हे लोक रविवारी चर्चला जातात आणि हेही करतात. रोमेलचं करायचं होतं. मी म्हटलं, मी कुंपणाबाहेर उभी राहीन. लोर्ना घरात विचारून आली. कुणी हो म्हणालं नाही, पण नकोही म्हणालं नाही.

धुकं एवढं होतं की माणसं अर्धीच दिसत होती. रोमेलच्या काकांनी उकरलं. मला वाटलं होतं, भीती वाटेल. रोमेलच्या आईने मांडीवर नवं कापड पसरलं होतं. एकेक हाड हातात घेऊन ती पुसत होती, सावकाश, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालून पुसतात तशी, सांध्यासांध्यात. मारिसेल ते तिच्या हातातून घेऊन ओळीने मांडत होती. कुणी मोठ्याने रडलं नाही.

आणि यशू, मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. माझ्या मुलाला शोधायला जाऊन ज्याची ही हाडं झाली, त्याच्या आईचा हेवा. तिच्या हातात काहीतरी होतं. मी कुंपणाचा बांबू धरून उभी होते आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की तिच्या हातात काहीतरी आहे. मग स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथेच खाली बसले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बोलावलं नाही. पुन्हा पुसायला लागली.

त्यानंतर लोर्ना आणि तिच्या भावाबरोबर वरच्या वाटेने गेले. एकटी नाही गेले. डोंगर जिथे सुटला ती जागा त्यांनी दाखवली. मी काहीतरी उघडं, उद्ध्वस्त असं मनात धरून होते. तिथे डोक्याएवढं गवत आहे. वारा आला की सगळं गवत एका बाजूला झुकतं. त्यात त्याचं काही नाही. मी त्याला हाक मारली नाही. पहिल्यांदाच नाही मारली. घरी मी रोज मारते, तू ऐकलं असशील, स्वयंपाकघरातून.

तो नाही, यशू. सात वर्षं थांबून काही व्हायचं नाही.

अप्पांना सांग, मी तयार आहे. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा करतात, पालाशविधी म्हणतात त्याला. श्रीरंगपट्टणला, नदीवर पश्चिमवाहिनीला करू. आणि दोन पिंड. दुसरा रोमेलच्या नावाने. मी त्याच्या आईला विचारलं, लोर्नाने समजावून सांगितलं. म्हातारीने विचार केला आणि म्हणाली, नदीचं नाव काय? मी म्हटलं, कावेरी. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, त्याचं नाव नीट घ्या, चुकीचं घेतलं तर त्याला कळणार नाही.

मारिसेल आजपर्यंत थेट माझ्याशी बोलली नव्हती. आज निरोप घ्यायला गेले तेव्हा ती खाचरात होती, पाठमोरी. मी बांधावर थांबले. ती वळली आणि इंग्रजीत, शब्द जुळवत म्हणाली, "तुमच्याकडचं कुणी इथे आलं, तर सांगा. एकट्याने जाऊ नको." मी हो म्हटलं. ती पुन्हा वाकली.

माफ केलंय असं मला वाटत नाही. तिने का करावं?

पुढच्या रविवारी बंगळूरला उतरते.

तुझी,
आई


मैसूर
१० फेब्रुवारी

आई, नमस्कार.

पत्र मिळालं. रविवारी मी विमानतळावर येते, तुम्ही एकट्या टॅक्सी करू नका. स्वेटर हातात ठेवा, इथे ऊन सुरू झालं, पण पहाटे गार आहे.

काल अप्पा आणि मी श्रीरंगपट्टणला जाऊन आलो. कृष्णमूर्ती भट्टांना भेटलो. पश्चिमवाहिनीला नदीत पाणी कमी आहे, दगड दिसतात. भट्ट म्हातारे आहेत, कानाला कमी ऐकतात. निशांतचं नाव लिहिलं, तुमच्याकडचं गोत्र अप्पांनी सांगितलं. ते लिहिताना मी बघितलं नाही. नदीकडे बघत बसली.

मग मी म्हणाली, दुसरा पण एक पिंड आहे. अप्पा माझ्याकडे बघायला लागले. त्यांना मी घरी सांगितलं नव्हतं. भट्टांनी नाव विचारलं. मी रोमेल म्हणाली. त्यांना कळलं नाही, रामेल म्हणाले, रमेश म्हणाले. मी त्यांच्या कानाजवळ जाऊन सांगितलं, ते तीन वेळा म्हणून घेतलं, नीट येईपर्यंत. गोत्र माहीत नाही म्हणाली. "माहीत नसेल तर काश्यप," म्हणून त्यांनी लिहिलं.

मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "अवरु निमगे एनागबेकु?" ते तुमचे कोण लागतात म्हणून.

अप्पा मध्ये काहीतरी बोलायला गेले. मी त्यांचा हात धरला.

"मैदुन," मी म्हणाली. दीर. निशांतपेक्षा तो लहान होता, लोर्नांनी सांगितलं होतं मला.

भट्टांनी लिहून घेतलं.

यशू